22 हजारांचं सीईटी-कॅप पॅकेज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, पहिल्या फेरीचे कॉलेज-पर्याय भरायला दोन दिवस उरले होते आणि आम्ही पॅकेज घेतलेल्या संस्थेच्या सरांनी व्हॉट्सॲपवर यादीची पीडीएफ पाठवली. 64 पर्याय. पहिल्या क्रमांकावर घरापासून पंचवीस किलोमीटरवरचं एक कॉलेज, ज्याचं नाव लेकीनं नऊ महिन्यांत एकदाही काढलं नव्हतं. तिला हवं असलेलं कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजचं ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) नवव्या क्रमांकावर. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, राजाराम पूल ओलांडला की कर्वेनगर. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, त्यांनी लिहूनही घेतलं होतं.

बारावी आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) झालेल्या घरांना बाकीचं सांगायला नको. डिसेंबरात 22 हजार भरले. त्यात सराव परीक्षा, कागदपत्रांची तपासणी आणि कॅपची पर्याययादी. संस्थेचं नाव लिहीत नाही. पण माझं सगळं म्हणणं त्या यादीबद्दलच आहे, कारण पैसे मुख्यतः तिच्यासाठी भरले होते.

यादी त्यांच्या सॉफ्टवेअरमधून निघते. त्यात ‘मिळण्याची शक्यता’ असा एक रकाना असतो, आणि सगळी यादी त्या रकान्यानुसार लावलेली. जिथं शक्यता सगळ्यात जास्त ते वर, जिथं जायची खरी इच्छा ते खाली. फोन केला तर सर म्हणाले, “पहिल्या राउंडला सीट पदरात पाडून घ्या, मग बेटरमेंट करू.”

इथं मी अडलो. बेटरमेंट म्हणजे आपल्याच यादीत वर असलेल्या पर्यायासाठी थांबणं. पहिलाच पर्याय मिळाला तर त्याच्या वर आहे काय? शिवाय 2025 च्या नियमांत स्पष्ट होतं: पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तरी तेच. चौथ्या फेरीत जे लागेल ते अंतिम. म्हणजे त्यांच्या यादीप्रमाणे मुलगी पहिल्याच दिवशी त्या पंचवीस किलोमीटरवरच्या कॉलेजात अडकली असती. हे सांगितल्यावर सर म्हणाले, “टीमशी बोलून कळवतो.” कळवलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लेक तिला ताई म्हणते. ती रात्री जेवण करून खाली आली आणि दहा मिनिटांत जे समजावलं ते नऊ महिन्यांत कुणी समजावलं नव्हतं. जागा मेरिटनंच मिळते. अवघड कॉलेज वर लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. वरचं नाही लागलं तर संगणक खालच्याकडे जातो, आणि तिथंही तुमचा मेरिट क्रमांकच पाहिला जातो. म्हणून यादी इच्छेच्या क्रमानं लावायची आणि खात्रीचे पर्याय तळाला भरपूर ठेवायचे, बस.

मग आम्ही जुन्या कालनिर्णयाची पानं कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा. लेकीनं त्या हॉलच्या फरशीवर मांडल्या. तिची आई दोन-दोन चिठ्ठ्या उचलून विचारायची, “ही मिळाली आणि ही हुकली, तर वाईट वाटेल का?” वाटेल म्हणाली की हुकलेली वर. रात्री दीडपर्यंत 41 चिठ्ठ्यांची रांग लागली. त्यांच्या यादीतला पहिला क्रमांक आमच्याकडे तिसावा झाला.

पहिल्या फेरीत पाचवा पर्याय लागला. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स भरून बेटरमेंट घेतलं. दुसऱ्या फेरीत दुसरा लागला आणि गोठला: कमिन्स, ई अँड टीसी. लेक फोन हातात धरून नुसती उभी राहिली होती.

इतकं लिहून मी एकच तारा देणार होतो. मग कागदपत्रांची फाईल पुन्हा काढली आणि हात थांबला. त्यांच्याकडे कागदपत्रं बघणाऱ्या एक मॅडम आहेत. फेब्रुवारीत त्यांनी आमची फाईल एकेक कागद उलटत पाहिली आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) दाखल्यावर बोट ठेवलं. वर केंद्राचा नमुना होता. “काका, हा इथं चालणार नाही, राज्याच्या नमुन्यातला लागतो. आणि आत्ता काढू नका, 1 एप्रिलनंतर काढा, नाहीतर मार्चअखेर संपेल.” आम्ही तो दाखला मोठ्या भावाच्या मुलाच्या केंद्र सरकारच्या परीक्षेचं बघून काढला होता आणि चालेलच असं धरून चाललो होतो. छाननीच्या वेळी तो नाकारला असता तर लेक खुल्या प्रवर्गात गेली असती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज केला, जूनच्या आधी दाखला हातात होता.

लिव्हिंग सर्टिफिकेटवर जन्मगाव आणि ‘भारतीय’ लिहिलेलं आहे का, हेही त्यांनीच पाहिलं. आणि त्यांनीच सांगितलं की जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना जी पूर्ण शिक्षण शुल्कमाफी आहे, ती कॅपमधून आलेल्या प्रवेशालाच. सर एकदा ‘इन्स्टिट्यूट लेव्हलचंही बघून ठेवा’ म्हणाले होते, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागा. तिथं ही माफी नाही हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या घराला याच एका गोष्टीवर चार वर्षं निघतात. तारे तीन केले, त्यातले अडीच मॅडमचे.

सराव परीक्षांचं थोडक्यात. प्रश्न चांगले होते, अकरावीचा वीस टक्के भाग नीट सांभाळला होता. पण पहिल्या तीन परीक्षांत पोर्टल चुकीच्या उत्तराला गुण कापत होतं! सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, आणि लेक न येणारे कोरे सोडायला लागली. तक्रारीनंतर दोन आठवड्यांनी दुरुस्त झालं, सवय मोडायला मात्र मार्च उजाडला.

यादीचा राग अजून आहे. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मेरिट क्रमांक आणि पर्सेंटाइलसकट. त्यांच्या पीडीएफमध्ये तेच होतं, फक्त उलट्या क्रमानं. त्यांच्याच बॅचमधल्या एका मुलाच्या वडिलांनी ती यादी जशीच्या तशी भरली. मुलगा पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकावर गोठला. त्याचा मेरिट क्रमांक लेकीपेक्षा वर होता. ते गृहस्थ मला छाननी केंद्रावर भेटले होते, रांगेत फाईल छातीशी धरून उभे. पर्याय भरण्याआधी मी त्यांना फोन करायला हवा होता.

धाकटा यंदा अकरावीत आहे. कागदपत्रांची तपासणी तेवढी वेगळी मिळेल का, असं परवा विचारून आलो. पूर्ण पॅकेजच घ्यावं लागेल म्हणाले, आता 25 हजार. नाही घेणार. मॅडमना मात्र पेढे देऊन आलो.