हिमालयन ४११ ला पुढे १७ दातांचं स्प्रॉकेट: हायवेवाल्यांनी घ्या, ट्रेलवाल्यांनी जरा थांबा

रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनला, म्हणजे ४११ ला, सहावा गिअर नाही ही बोंब आपल्या लोकांत कायमची आहे. पडघ्याच्या पुढे नाशिक हायवे मोकळा झाला की गाडी पाचव्यात असताना पण डावा पाय आपोआप वर जातो आणि तिथे काही नसतंच. इंजिनला त्याचं काही वाटत नाही, ते बिचारं दिवसभर चालेल, पण नव्वदच्या वर हँडलमधून आणि फूटपेगमधून जी बारीक थरथर येत राहते त्याने शहापूर येईपर्यंत बोटांना मुंग्या. म्हणून कंपनीचं १५ दातांचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, काढून १७ चं टाकलं, मागचं ३८ तसंच ठेवलं, आणि आता पावसाळा, घाट, हायवे, चिखल सगळं होऊन गेल्यावर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण दुकानदार लोक हे "टॉप गिअर लांब करायचं किट" म्हणून विकतात. लांब म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत जास्त स्पीड. तसं ते नाहीये. खरोखर फक्त टॉप गिअर लांब करायचा तर इंजिन खाली उतरवून केस फोडायची आणि आतली पाचव्या गिअरची जोडी बदलायची, बाहेरच्या देशांत सुझुकी डीआर ६५० सारख्या पाच गिअरच्या गाड्यांना लोक हे करतात, मग पहिला ते चौथा जसाच्या तसा राहतो आणि फक्त पाचवा लांब होतो. त्यांच्या जंगलातल्या चढाला काही फरक पडत नाही आणि हायवेला आराम. आपल्याकडे हिमालयनसाठी असली जोडी मी तरी कुठल्या काउंटरवर बघितली नाही, आणि मिळाली तरी त्या लेबरच्या पैशात माणूस थेट ४५० चा विचार करेल, तिला कंपनीनेच २०२३ मध्ये सहा गिअर देऊन टाकले. पुढचं स्प्रॉकेट बदललं की पाचही गिअर एकदम लांब होतात, पहिला पण. या सगळ्या रिव्ह्यूचं सार तेवढंच आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

हिशोब सोपा आहे. आधी ज्या स्पीडला ५००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) लागायचे तिथे १६ दातांवर साधारण ४७०० आणि १७ वर ४४०० लागतात. ४११ चा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ३२ न्यूटन मीटर, ४००० ते ४५०० च्या मध्येच येतो, म्हणजे १७ वर क्रूझ करताना इंजिन नेमकं त्याच्या आवडत्या जागी बसतं. म्हणूनच ही गाडी हे सहन करते. हिरोच्या एक्सपल्सवाल्यांनी हे वाचून लगेच पळू नका, २०० फोर व्हीचा टॉर्क १७.३५ आणि तो पण ६५०० ला, तिला पुढे दोन दात वाढवलेत तर समोरून वारा आला की पाचवा नुसता शोभेला राहील.

फरक जाणवतो का, तर हो, पहिल्याच दिवशी. थरथर पूर्ण जात नाही, पण जिथे ती सुरू व्हायची तो स्पीडच पुढे सरकला, आता आपल्या नेहमीच्या ८५-९० ला गाडी शांत असते. नाहीतरी एक्सप्रेसवेवर टू-व्हीलर बंद, अटल सेतूवर बंद, समृद्धीवर बंद, मग जुना हायवे, नाशिक आणि गोवा एवढंच उरतं आणि तिथे १२० च्या गप्पा मारून उपयोग नाही. टॉप स्पीड वाढेल म्हणून कोणी घेत असेल तर घेऊ नका, तेवढी पॉवर इंजिनात नाहीच. कसारा घाटात आधी पाचव्यात रेटायचो तिथे आता चौथा टाकावा लागतो, दोघं असाल आणि सामान असेल तर आधीच टाका. मायलेजमध्ये सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

आता वाईट बाजू. घोडबंदर रोडला संध्याकाळी मानपाडा ते कासारवडवली जे काही चालतं त्याला ट्रॅफिक म्हणायचं की पार्किंग ते तुम्ही ठरवा, पण तिथे आधी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी रांगत जायची, आता ती रांगच तेरा टक्के फास्ट झाली त्यामुळे सारखा अर्धा क्लच धरायला लागतो आणि डाव्या मनगटाची वाट लागते. ट्रेलला हेच दुप्पट त्रासाचं. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याच्या बाजूला पावसात सुटे दगड आणि चढ असला की पहिल्यात हळू जाताच येत नाही, एकतर गाडी बंद पडते नाहीतर क्लच घसरवत न्यायचा आणि मग जळका वास. ज्यांचे रविवार असल्या वाटांवरच जातात त्यांनी १५ ला हात लावू नका, किंवा फार तर १६. खरं सांगायचं तर अर्धं हायवे अर्धं माती असणाऱ्यांसाठी १६ च बरं, फरक कमी दिसतो पण नुकसान पण कमी.

फिटिंग कळव्याला खारेगावच्या बाजूला एका छोट्या गॅरेजमध्ये केलं. बोर्ड नाही, पोरगा बोलतो कमी, काम चोख. कव्हर उघडलं तर आत चेन ल्युब आणि मातीचा काळा थर, तो आधी खरवडून साफ केला. १७ चं स्प्रॉकेट १५ पेक्षा व्यासाने साधारण १० मिमी मोठं होतं, म्हणून कव्हर लावायच्या आधी मागचं चाक हाताने फिरवून चेन कुठे घासत नाही ना ते नीट बघितलं, मला पण वाकून बघायला लावलं. दात वाढले की मागचं चाक ८ मिमीच्या आसपास पुढे घ्यावं लागतं, तर तुमचा चेन ताणायचा अ‍ॅडजस्टर आधीच पुढे टेकला असेल तर चेन पुरणार नाही, ते घरीच बघून जा. आणि चेन घासलेली असेल तर नुसतं पुढचं टाकू नका, नवे दात जुनी चेन खाऊन टाकते, मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा अख्खा सेटच करा. माझी चेन चांगली होती म्हणून पार्ट आणि लेबर धरून दोन हजारांच्या आत सुटलो. आधी एका दुसऱ्या दुकानात विचारलं होतं तर तो चेन न बघताच पूर्ण सेट गळ्यात मारत होता, तिथून उठून आलो.

स्पीडोमीटरचं पण बरेच जण विचारतात. ज्या गाड्यांचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो त्यांचा आकडा यात चुकतो, चाकावर असेल तर नाही. मी मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघितलं, फरक आधी होता तेवढाच आहे.

काढलेलं १५ चं फेकू नका, तेल लावून पिशवीत ठेवा, स्पितीला वगैरे जायचं ठरलं तर तासाभरात परत बसतं. गॅरेज सोमवारी बंद असतं. सकाळी गेलात तर लगेच हात लावतो, संध्याकाळी मात्र ऑफिसवाल्या स्कूटरची लाइन असते, मग बसा चहा पीत.