‘हमी भाड्या’चा वन आरके घेण्याआधी हे वाचा

‘भाडेकरू असो वा नसो, पाच तारखेला भाडं तुमच्या खात्यात’ असं तुम्हाला कुणी सांगत असेल, तर टोकनचा चेक फाडण्याआधी हे वाचा. योजना कशी असते ते सांगत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. छोटा फ्लॅट, फर्निचरसकट, भाड्याने चालवणार कंपनी, हप्ता भाड्यातून सुटणार आणि वर चार पैसे उरणार. मलाही हे ठाऊक होतं. जाहिरात बघून उडी मारणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगतो, कारण ‘लोभ नडला’ हे वाक्य घरच्यांकडून आणि बाहेरच्यांकडून ऐकून कान किटलेत.

चाकण एमआयडीसीजवळ वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, कार्पेट 285 चौरस फूट. किंमत 23,80,000. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून 1,66,600. ‘फर्निचर पॅकेज’ 1,75,000, तेही वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या पावतीवर. कर्ज 15 लाख, 8.75 टक्के, 20 वर्षं, हप्ता 13,256. म्हणजे खिशातून गेले 12,21,600. त्यात बायकोची एफडी मोडलेली आहे, आणि त्या एफडीचा विषय आमच्या घरात आता निघत नाही. बदल्यात पाच वर्षं दरमहा 16,500 भाडं. हप्ता जाऊन 3,244 उरणार होते.

मी काय काय तपासलं ते ऐका. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक खरा होता. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, होतं. वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, करून घेतला. बँकेने कर्ज दिलं. ताबा वेळेवर मिळाला. यापलीकडे सामान्य नोकरदार माणूस काय तपासणार? फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: हे सगळे कागद इमारतीबद्दल बोलतात, भाड्याबद्दल एक अक्षरही नाही. महारेरा नोंदणी म्हणजे प्रकल्प नोंदलेला आहे, एवढंच. भाड्याची हमी देणारी कंपनी बिल्डरची नव्हतीच. नाव सारखं, लोगो सारखा, बसायची जागा तीच, पण कागदावर निराळी. तिचं भागभांडवल 1,00,000 रुपये. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे फुकट दिसतं. एक लाखाची कंपनी माझ्या एकट्याच्या फ्लॅटसाठी पाच वर्षांत 9,90,000 द्यायची हमी देत होती. आणि असे फ्लॅट त्या इमारतीत मजलेच्या मजले.

आता तो मुद्दा, ज्याने अजून झोप उडते.

वीजजोडणी माझ्या नावावर होती. बिल कंपनी भरायची, पण मेसेज माझ्या मोबाइलवर यायचा. पैसे भरल्याचाही मेसेज यायचा, त्यामुळे बिल उघडून बघायचं काही कारण नव्हतं. एप्रिलमध्ये कर सल्लागाराला कागद पाठवताना सहज ते उघडलं. वीजवापर: 3 युनिट. खाली मागच्या महिन्यांचा तक्ता असतो ना, त्यात 2, 0, 3, 2. शेजारच्या स्तंभालेखात तर काही दिसतच नव्हतं, नुसती तळाची रेघ. माझ्या फ्लॅटमध्ये म्हणे एका मोठ्या कारखान्याचे दोन इंजिनिअर राहत होते. एकटा फ्रिज महिन्याला 20-25 युनिट खातो, आणि फ्रिजचे पैसे तर मी पॅकेजात मोजले होते.

फोन केला. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलली! ‘सर, ते लोक शिफ्टला असतात, फक्त झोपायला येतात.’ अहो, एप्रिल महिन्यात चाकणला झोपायला आलेला माणूस पंखा तरी लावेल की नाही? हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. पण त्याच आठवड्यात 16,500 जमा झाले, अगदी पाच तारखेला. भाडं वेळेवर येत असताना घरमालक भाडेकरूच्या पंख्याची चौकशी करत नाही. तुम्हीही केली नसती.

एकूण नऊ महिने भाडं आलं. 1,48,500. आता फर्निचर पॅकेजचा आकडा परत बघा: 1,75,000. माझेच पैसे मला हप्त्याहप्त्याने ‘भाडं’ म्हणून परत दिले आणि वर 26,500 त्यांच्याकडेच राहिले. फर्निचर म्हणाल तर एक पलंग, एक कपाट, आणि फ्रिजच्या जागी भिंतीवर नुसता प्लग.

दहाव्या महिन्यात ‘तांत्रिक अडचण’, मग ‘ऑडिट सुरू आहे’, मग फोन बंद. तेव्हा मी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचे किमतीसकट गोषवारे, काढले. तेवढाच फ्लॅट, त्याच वर्षी, हमी न घेता विकलेला: 16,10,000. माझा 23,80,000. म्हणजे 7,70,000 मी भाड्याच्या स्वप्नासाठी मोजले. हा शोध मोफत आहे, घरबसल्या होतो. खरेदीआधी करा. वकील टायटल बघतो, किंमत बघत नाही.

बँकेचं तर बोलायलाच नको. मी 19 लाख मागितले होते, मंजूर झाले 15. एजंट म्हणाला, ‘तुमच्या पगारामुळे.’ बँकेने मूल्यांकन करून घेतलं होतं, त्याची फी माझ्याकडून घेतली होती, पण अहवाल मला दाखवला नाही. मागा तो अहवाल. बँक मागितल्यापेक्षा कमी देते तेव्हा कधी कधी ती पगाराबद्दल नाही, फ्लॅटबद्दल बोलत असते.

मग सुरू झाली सरकारी दारांची वारी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘फ्लॅट मिळाला ना? ताबा मिळाला ना? नावावर आहे ना? मग फसवणूक कसली?’ मी म्हटलं, भाड्याची हमी होती. ‘ते दिवाणी आहे, कोर्टात जा.’ दुसऱ्या ठाण्यात हद्दीचा घोळ. फ्लॅट इकडे, करार झाला तिकडे, कंपनीचा पत्ता तिसरीकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून हा कायदा लागू आहे. मी हे म्हटल्यावर साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘वकील आहात का?’ नाही म्हटलं. ‘मग वकील घेऊन या.’ आर्थिक गुन्ह्यांचं काम बघणाऱ्या टेबलावर सांगितलं की रक्कम लहान आहे, आमच्याकडे मोठी प्रकरणं येतात. 12,21,600 लहान! माझ्या आयुष्यात याहून मोठी रक्कम आलेली नाही.

कळस पुढे आहे. कंपनीशी झालेला पाच वर्षांचा तो लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाड्याचाच करार) 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला होता, नोंदलेला नव्हता. ‘सर, नोंदणी आम्ही नंतर करून घेतो, उगाच तुमचा खर्च कशाला,’ असं तेव्हा सांगितलं होतं. तो कागद एका कार्यालयात दाखवला तर तिथल्या बाईंनी शांतपणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 55 काढून दाखवलं. करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तक्रार करायला गेलो मी, आणि कलम लागतंय मलाच. बाई बरोबर होत्या, हे आणखी चीड आणणारं. पण ज्यांनी तो कागद छापून, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून माझ्यापुढे ठेवला, त्यांच्यासाठी कुठलं कलम आहे हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

ग्राहक म्हणून दाद मागावी, तर समोरचा वकील म्हणतो, हा माणूस ग्राहकच नाही. उत्पन्नासाठी घेतलं म्हणजे व्यावसायिक हेतू, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने घेणारा बसत नाही. नोकरी करून एक खोली घेणारा माणूस व्यावसायिक, आणि इमारतभर लोकांना टोपी घालणारे मात्र ‘सेवा पुरवठादार’. यावर अजून निर्णय झालेला नाही, तारखा पडतायत.

मध्येच सोसायटीचं पत्र आलं. देखभाल खर्च महिना 2,100, तो कंपनी भरणार होती. भरलाच नव्हता. थकबाकी 25,200. वर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते, कारण सोसायटीच्या नोंदीत माझ्याकडे भाडेकरू आहे. जो भाडेकरू कधी जन्मालाच आला नाही, त्याच्यापायी मी शुल्क भरलं!

तुमच्यापुढे असा प्रस्ताव असेल तर निदान हिशोब तरी मांडा. 16,500 गुणिले 12 म्हणजे 1,98,000, किमतीच्या 8.3 टक्के. आपल्याकडे राहत्या घराला वर्षाला किमतीच्या 3-4 टक्के भाडं सुटलं तरी बरं म्हणायचं. मधला फरक कुठून येणार, हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. करारात ‘कंपनी प्रयत्न करील’ असं वाक्य कुठे आहे का ते शोधा. माझ्या करारात होतं, सतराव्या परिच्छेदात. प्रयत्न म्हणजे हमी नव्हे. भाडेकरूचं नाव मागा, फोटो मागा, भेट मागा. ‘कॉर्पोरेट गोपनीयता’ म्हणाले की उठा. एखादा महिना घर रिकामं, देखभाल, घरपट्टी, दलाली, रंगकाम हे वजा न करता कुणी ‘कॅश फ्लो’ सांगत असेल, तर ते नुसतं भाडं सांगतायत. पोलीस घेत नसतील तर अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा. तोंडी काही बोलू नका, प्रत्येक कागदाची पोचपावती घ्या. आणि ओळखीच्यांना यात ओढू नका. माझ्या सांगण्यावरून साडूही घेणार होता. त्याचं कर्ज नामंजूर झालं, तेव्हा आम्ही दोघांनी बँकेला शिव्या घातल्या होत्या.

फ्लॅट आता मी स्वतः दिलाय, करार रीतसर नोंदवून. भाडं 7,500. देखभाल जाऊन 5,400. हप्ता 13,256. म्हणजे दरमहा 7,856 पगारातून भरतोय. विकावा तर 16 लाखांच्या वर कुणी बोलत नाही, आणि तेवढ्यात बँक फेडून हातात काय उरणार ते तुम्हीच बघा.

त्याच इमारतीतले आणखी सात मालक शोधून काढले आहेत. एकेकट्याला दिवाणी म्हणून हाकलतात, सगळे मिळून गेलो की ऐकावं लागतं, असं वकील म्हणतो. सातांपैकी दोघांनी सही द्यायला नकार दिला. एकाच्या मुलीचं लग्न ठरलंय, नाव बाहेर यायला नको. दुसऱ्याला कंपनीने ‘तुमचं भाडं पुढच्या महिन्यात नक्की’ असं कळवलंय, आणि तो थांबलाय. बाकीच्या पाच आणि माझी, अशा सहा सह्यांचा अर्ज गेलाय. पोचपावती आहे.