गाडी रिच चालतेय: आधी स्कॅनर, वाइडबँड की प्रेशर गेज?

हेडर (इंजिनला जोडलेले खास एक्झॉस्ट पाइप) बसवला, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) मोठे टाकले, आणि आता सायलेन्सरचं टोक काळंकुट्ट, सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज कोसळलेलं. गाडी रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, हे नाकालाच कळतं. प्रश्न असतो तो कारण शोधायला पैसे कशावर घालायचे याचा. माझं मत आधीच सांगतो: गाडीत ओबीडी-२ (स्कॅनर जोडून इंजिनचे आकडे वाचायची सोय) असेल तर पहिला खर्च स्कॅनरवर करा. वाइडबँडचं, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं, नंतर बघू. पण त्याआधी गाडी नेमकी कधी रिच होते ते बघा. आयडलला, एकसारख्या वेगात, की फुल थ्रॉटलला? यावर पुढचं सगळं ठरतं.

प्लग काढून बघणं फुकट आहे, म्हणून तेवढं करून घ्या. कोरडी, मऊ काजळी म्हणजे रिच. ओली, तेलकट काळी म्हणजे ऑइल जळतंय. एकच प्लग काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय किंवा तो सिलिंडर मिस मारतोय. चारही काळे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे. मोठ्या टर्बोसाठी थंड रेंजचे (उष्णता लवकर सोडणारे) प्लग टाकले असतील तर ते शहरातल्या ट्रॅफिकमध्ये एरवीही काळे पडतात. प्लगवर याहून जास्त भरवसा ठेवू नका.

हजाराच्या आत-बाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर बरंच सांगतो, फक्त एरर कोडपाशी थांबू नका. पी०१७२ म्हणजे ‘मिश्रण फार रिच’, आणि हे तुम्हाला वासावरून आधीच कळलेलं असतं. खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये असते, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्या आकड्यात. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज उणे दहाच्या खाली गेली की ईसीयू पेट्रोल कापतोय आणि तरी त्याला पुरत नाही असं समजा. हा आकडा आयडलला बघा, मग २५०० आरपीएमला. आयडलला उणे वीस आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याजवळ येत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलेला असेल, इंजेक्टर गळत असेल किंवा आयडलला प्रेशर जास्त असेल. आयडलला आणि लोडवर दोन्हीकडे उणेच राहत असेल, तर इंजेक्टर मोठे आणि मॅप (ईसीयूतलं पेट्रोलचं कोष्टक) जुनाच, हे नेहमीचं दुखणं.

त्याच स्क्रीनवर कूलंटचं तापमान बघा. इंजिन तापल्यावर ते साधारण ८५ ते ९५ अंशांत हवं. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हनंतरही ६० वर अडकलं असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकलेला असण्याची शक्यता दाट. ‘आपल्याकडच्या उन्हात लागत नाही’ असं म्हणून तो काढणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. ईसीयूला इंजिन थंडच वाटतं, तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो, आणि दोष मात्र नव्या हेडरच्या माथी.

स्कॅनर फसतो तिथे नीट लक्ष द्या, कारण मॉडिफाइड गाडीत हे हमखास होतं. प्लग काळे, पण ट्रिम अधिक पंधरा, म्हणजे ईसीयू उलट पेट्रोल वाढवतोय. अशा वेळी हेडरच्या जोडाचं गॅस्केट बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. जास्त ओव्हरलॅपचा कॅम (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणारा) किंवा मिस मारणारा सिलिंडरही न जळलेला ऑक्सिजन सोडून हाच घोळ घालतो. अशा वेळी वीस हजारांचा वाइडबँडही खोटंच बोलेल, कारण तोसुद्धा ऑक्सिजनच मोजतो.

इथे पीयूसी सेंटरचा ॲनालायझर कामी येतो, तोही शे-दीडशे रुपयांत. गळतीची हवा कार्बन मोनॉक्साइड (सीओ) पातळ करते, तयार करत नाही. सीओ जास्त म्हणजे खरोखर रिच. सीओ कमी आणि हायड्रोकार्बन भरपूर म्हणजे मिसफायर. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागेवर असेल तर मात्र सीओ तिथेच जळतो आणि आकडा गोड दिसतो.

मग वाइडबँड कोणी घ्यावा? ज्यांचा प्रश्न फुल थ्रॉटलचा आहे त्यांनी. कंपनीच्या नॅरोबँड सेन्सरला ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे एवढंच कळतं. किती रिच हे त्याला सांगता येत नाही. बॉशचा एलएसयू ४.९ असलेलं किट ते सांगतं. फक्त आकडा लॅम्डामध्ये वाचा: १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच. ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) लॅम्डा १ म्हणजे प्रत्यक्षात एका भाग इंधनाला साधारण १३.५ भाग हवा, पण पेट्रोलच्या स्केलचा गेज १४.७ च दाखवतो. (जाता जाता: ई२० मुळे मिश्रण लीनकडे झुकतं. रिच गाडीचं खापर त्याच्यावर फोडू नका.) आणि फुल थ्रॉटलला रिच असणं हा दोष नव्हे. साध्या इंजिनला ०.८६ ते ०.९०, टर्बोला ०.७८ ते ०.८२ ठीक. ०.७० च्या आसपास काळा धूर सुटत असेल तर खरंच जास्त आहे. वाइडबँड रिच किती ते दाखवतो. का, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

२०१३ पूर्वीची जिप्सी, एस्टीम, जुनी सिटी असेल तर साधा स्कॅनर जोडला जाईलच असं नाही. तिथे माझी पसंती फ्युएल प्रेशर गेजला. रिटर्न लाइनच्या (जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) सिस्टिममध्ये सुमारे ३ बार, आयडलला व्हॅक्यूममुळे अडीचच्या आसपास. प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की अर्धा बार वाढायला हवा. त्या नळीतून पेट्रोल टपकलं तर डायफ्राम फाटलाय, निदान झालं. ताशी २५५ लिटरचा पंप टाकून रिटर्न लाइन जुनीच ठेवली असेल तर प्रेशर खाली येतच नाही. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन गाडीच्या हाय प्रेशर रेलला मात्र घरी हात लावू नका.

पहिल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसवाल्यांनी आधी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर टर्बोची दाबलेली हवा बाहेर सोडणारा) बघावा. मास एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा तो बाहेर फुंकत असेल तर गिअर बदलताना क्षणभर रिच होणारच. हवा परत इनटेकमध्ये सोडणारा जुना रिसर्क्युलेटिंग व्हॉल्व्ह लावून बघा, एक पैसा न खर्चता.

आणि दुरुस्ती झाली की लगेच ट्रिम बघू नका. डिपस्टिकचा वास घ्या. बरेच दिवस रिच चाललेल्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, गरम झाल्यावर त्याची वाफ पीसीव्हीतून (इंजिनातली वाफ परत फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परत इनटेकमध्ये येते, आणि दुरुस्त गाडीही रिच दिसते. आधी ऑइल बदला, ट्रिम रिसेट करा, शंभरेक किलोमीटर चालवा, मग आकडे बघा.