जेन्सन इंटरसेप्टर: दहा महिने आणि दोन हजार मैलांनंतर

नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला स्थायिक झाल्यावर, ही गाडी जिथे बनत असे ते वेस्ट ब्रॉमिच घरापासून अर्ध्या तासावर आहे एवढे निमित्त पुरले आणि मी १९७३ सालची जेन्सन इंटरसेप्टर मार्क थ्री विकत घेतली. दुर्मीळ गाडी म्हणजे सुट्या भागांसाठी वणवण, असे सगळ्यांनी बजावले होते. ते निम्मेच खरे निघाले.

इंजिनाबाबत ते मुळीच खरे नाही. रिचर्ड आणि ॲलन या जेन्सन बंधूंनी उभारलेल्या कारखान्याने स्वतःचे इंजिन घडवण्याच्या भानगडीत न पडता क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचे आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन आणि त्याच कंपनीचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या गाडीत बसवला. माझ्या गाडीतले ७.२ लिटरचे इंजिन अमेरिकेत साध्या मोटारींतही सर्रास असे, त्यामुळे वॉटर पंप असो वा डिस्ट्रिब्युटर कॅप, आठवड्याभरात टपालाने घरी येते. चालताना ते कधी घाईत वाटत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय जरा टेकवला की बॉनेट किंचित उचलते आणि गाडी गुरगुरत पुढे सरकते. मागे मात्र ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे आहेत आणि खराब रस्त्यावर मणक्याला त्यांची आठवण राहते.

खरी अडचण बॉडीची. तिचा आकार मिलानच्या टूरिंग कंपनीचा. पहिल्या बॉडी तुरिनला विन्याले या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे तयार झाल्या आणि मग ते काम वेस्ट ब्रॉमिचला आले, जिथे पत्रे हाताने जुळवले जात. १९६६ ते १९७६ या दहा वर्षांत जेमतेम सहा हजार चारशे गाड्या बनल्या. माझ्या गाडीच्या डाव्या दाराच्या फटीत नख जाते, उजव्या दाराच्या फटीत पेन्सिल. पन्नास वर्षांत किती हातांनी ती दारे उतरवून बसवली असतील! मागची भलीमोठी वळणदार काच हा या गाडीचा खरा दागिना, पण ऑक्टोबरातल्या एका पावसाळी सकाळी डिकीतला गालिचा उचलला तर खाली ओंजळभर पाणी. आधीच्या मालकाच्या गॅरेजने दुसऱ्याच कुठल्या गाडीचे रबर कापून, वर काळी पेस्ट थापून ती काच बसवली होती. योग्य रबर मिळाले, पण ते बसवायला दोन माणसांची अख्खी दुपार गेली. पाणी मुरले की गंज आलाच, म्हणून ही गाडी घेणाऱ्याने इंजिन पाहण्यात कमी आणि गाडीखाली आडवे होऊन पत्रा ठोकून पाहण्यात जास्त वेळ घालवावा.

पुण्याहून मामांचा फोन आला की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो. लिटरला चार किलोमीटर, हे ऐकून ते क्षणभर गप्प होतात. १९७३च्या तेलसंकटानंतर गिऱ्हाइकेही अशीच गप्प झाली आणि जेन्सन-हीली या धाकट्या गाडीच्या वॉरंटीखर्चाने आधीच खिळखिळा झालेला कारखाना १९७६ मध्ये बंद पडला. चाळीस वर्षांहून जुनी म्हणून ब्रिटनमध्ये हिला रोड टॅक्स लागत नाही, तेवढाच खिशाला दिलासा.

दर रविवारी मी अजूनही डिकीतला गालिचा उचलून खाली हात फिरवतो. गेले तीन रविवार हात कोरडा आला आहे.