निकाल लागला, आता गटाराचं सांगायचं कोणाला? नगरसेवक, नगराध्यक्ष की मुख्याधिकारी

21 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदांचे निकाल लागले, गुलाल उधळून झाला, तेव्हापासून आमच्या गल्लीत एकच विषय, काम घेऊन जायचं कोणाकडे. प्रशासक होता तेव्हा अर्ज आवकला द्यायचा, पोच घ्यायची आणि वाट बघायची. आमच्या तुंबलेल्या गटाराच्या चार पोचा माझ्याकडे आहेत, चारींवर शिक्का आहे, आणि पाऊस आला की पाणी अजून शेजारच्या काकूंच्या उंबऱ्याला लागतं. खूप राग येतो.

नवीन काम हवं असेल, म्हणजे नवं गटार, रस्ता, दिव्याचा खांब, तर नगरसेवकच गाठा, कारण त्याला बजेटमध्ये तरतूद लागते आणि सभेत ठराव लागतो, आणि आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं त्यामुळे मागणी त्याच्या बरीच आधी गेलेली बरी. बहुतेक प्रभागात दोन नगरसेवक आहेत, कधी वेगवेगळ्या पक्षांचे, मग हा म्हणतो त्याला विचारा आणि तो म्हणतो ह्याला. अर्ज एकच करा, नावं दोघांची टाका.

दाखला, नळजोडणी, मालमत्ता कराचा उतारा यासाठी मात्र नगरसेवकाची चिठ्ठी घेत फिरू नका. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अशा सेवांना दिवस ठरलेले असतात, उशीर झाला तर अपील करता येतं. इथे थेट मुख्याधिकाऱ्यांचं ऑफिसच बरं.

नगराध्यक्षाचं जरा वेगळं आहे. महापालिकेत महापौराला नगरसेवक निवडतात आणि तेही अडीच वर्षांसाठी, नगराध्यक्ष तर थेट आपल्या मतावर आलेत, त्यामुळे पाणी योजना किंवा कचरा डेपो असं सगळ्या गावाचं दुखणं त्यांच्यापुढेच मांडायचं. पण सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं असेल तर ठराव अडकतात, तेव्हा आपल्या गावात आकडे कसे आहेत ते आधी बघा. विषय समित्यांमध्ये पाणीपुरवठा सभापती कोण झालं तेही विचारून ठेवा.

आमचं ठरलंय. तुंबलेलं गटार उपसायचं ते स्वच्छता निरीक्षकाकडे, फोटोसकट. रुंद नवं गटार बांधायची मागणी दोन्ही नगरसेवकांकडे, गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन. पहिली सही काकूंची घेतली.