कूस की ऑक्सफर्ड: गुडघ्याच्या अभ्यासासाठी प्रश्नावली निवडताना

ज्यांचा प्रोटोकॉल अजून एथिक्स कमिटीकडे गेलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकदा मंजुरी मिळाली की प्रश्नावली बदलायला दुरुस्तीचा अर्ज करा, पुन्हा बैठकीची वाट पाहा, पुन्हा सह्या गोळा करा. आणि तोवर निम्मे रुग्ण जुन्या फॉर्मवर भरून झालेले असतात. तेव्हा डोकं आत्ताच लावलेलं बरं.

कूस (KOOS) आणि ऑक्सफर्ड (Oxford Knee Score) या गुडघ्याचा त्रास रुग्णाच्याच उत्तरांवरून मोजणाऱ्या प्रश्नावल्या. मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी कूस, नंतर ऑक्सफर्ड. दोन्ही वेळा रुग्ण साधारण एकाच तऱ्हेचे होते: झिजेमुळे सांधा बदललेले, साठीच्या पुढचे, शस्त्रक्रियेनंतर व्यायामासाठी येणारे. त्यामुळे पुढचं सगळं या रुग्णांपुरतंच खरं धरा. लिगामेंट (हाडं जोडणारा बंध) तुटलेल्या पंचविशीतल्या खेळाडूंवर काम करणाऱ्या कुणी हे वाचून कूस सोडली, तर त्याचं खापर माझ्यावर नको.

वोमॅक (WOMAC) ही सांध्याच्या झिजेसाठीची आधीची प्रश्नावली या तुलनेत धरलेली नाही. तिचे २४ प्रश्न कूसमध्ये तसेच्या तसे आलेले आहेत, त्यामुळे कूस भरून घेतली की वोमॅकचा आकडाही काढता येतो. उलट मात्र जमत नाही. शिवाय वोमॅकला परवाना लागतो. तुमच्या विषयावरचे जुने अभ्यास सगळे वोमॅकवरचे असतील आणि त्यांच्याशी तुलना करणं भागच असेल, तर हे एक कारण कूसच्या बाजूने जमा करा.

दोन्ही प्रश्नावल्या १९९८ सालच्या, पण त्या कुणासाठी केल्या ते वेगळं आहे. डॉसन, फिट्झपॅट्रिक, मरे आणि कार या ऑक्सफर्डच्या मंडळींसमोर गुडघा बदलून घेणारा रुग्ण होता. अशाच रुग्णांशी बोलून त्यांनी प्रश्न काढले. कूस तयार करणाऱ्या एवा रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चिंता दुसरी होती. आज लिगामेंट किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दुखावलेला तरुण पुढे झिजेचा रुग्ण होऊ शकतो. मग या सगळ्या काळात त्याला एकाच मोजपट्टीने कसं मोजायचं? म्हणून त्यांनी वोमॅकच्या गाभ्यात भर घालताना खेळ आणि गुडघ्याशी निगडित जीवनमान असे दोन नवे भाग जोडले.

तरुणांत हे भाग फार कामाचे ठरतात. दैनंदिन कामांच्या प्रश्नांना तरुण रुग्ण लवकरच पूर्ण गुण मिळवतो आणि त्यानंतरची त्याची खरी प्रगती खेळाच्या प्रश्नांतच दिसते. स्वीडन आणि डेन्मार्कच्या लिगामेंट रजिस्ट्रींमध्ये, म्हणजे अशा रुग्णांच्या देशव्यापी नोंदींमध्ये, कूसच आहे. सांधाबदलाच्या बाजूला मात्र ऑक्सफर्डचं पारडं जड. इंग्लंडमध्ये एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, एप्रिल २००९ पासून गुडघा बदलणाऱ्या रुग्णांकडून ऑक्सफर्ड भरून घ्यायला सुरुवात केली. न्यूझीलंडच्या सांधाबदल रजिस्ट्रीतही तीच. अर्धा गुडघा बदलावा की पूर्ण, या प्रश्नावरची टॉपकॅट ही ५२८ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. तिचं मुख्य मोजमापही ऑक्सफर्डच.

अर्थात मोठ्यांनी घेतली म्हणून आपणही घ्यावी, असं नाही. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच कटकटीमुळे.

कूसच्या खेळ-करमणूक या भागात पाच प्रश्न आहेत: उकिडवं बसणं, पळणं, उडी मारणं, दुखऱ्या पायावर वळणं, गुडघे टेकणं. प्रत्येकात अडचण किती होते ते सांगायचं. सत्तरीतल्या आजी फॉर्म हातात धरून विचारतात, ‘पळतंय कोण आता, डॉक्टर?’ आणि रकाना कोरा सोडतात. पळणं कोरं, उडी कोरी, पायावर वळणं कोरं. नियम असा की एखाद्या भागातले निम्मे तरी प्रश्न भरलेले असले, तरच त्या भागाचे गुण काढायचे. पाचातले दोनच उरले. गेला तो भाग.

कोरा रकाना निदान दिसतो तरी. जास्त त्रास भरलेल्या रकान्यांचा. एक काका ‘काहीच अडचण नाही’ यावर खूण करतात, कारण ते पळतच नाहीत, मग अडचण कसली? शेजारच्या खुर्चीतले दुसरे ‘अतिशय अडचण’ यावर करतात, कारण उद्या पळा म्हटलं तर त्यांना ते जमणार नाही. दोघांचे गुडघे जवळपास सारखे, दोघंही प्रामाणिक. पण त्या प्रश्नाला एकाला पूर्ण गुण आणि दुसऱ्याला शून्य. उत्तराबद्दल खात्री नसेल तर जमेल तितकं बरोबर उत्तर द्या, अशी सूचना फॉर्मवर असते. तिने हा प्रश्न सुटत नाही, कारण दोघांनाही आपापल्या उत्तराची पक्की खात्री असते.

मग फॉर्म भरून घेणाऱ्यावर सगळं येऊन पडतं. एक जण म्हणतो, ‘समजा, पळावं लागलं तर?’ दुसरा म्हणतो, ‘लागू नसेल तर सोडून द्या.’ काही दिवसांनी मला नुसते आकडे पाहून ओळखता यायला लागलं की त्या दिवशी टेबलावर कोण बसलं होतं. दोन व्यायामक्रमांतला फरक शोधायला निघालेल्या अभ्यासात हे परवडत नाही. आणि कोरे रकाने सगळ्यांत सारखे विखुरलेले नसतात. माझ्या अनुभवात ते जास्त वयाच्या, जास्त आखडलेल्या रुग्णांचे असतात. त्यामुळे उरलेल्या गुणांची सरासरी काढली की नेमके अवघड रुग्ण त्यातून गळतात आणि निकाल आहे त्याहून बरा दिसतो.

कूसची जाणकार मंडळीही हा भाग सगळीकडे लावत नाहीत, हे मला उशिरा लक्षात आलं. ताजी लिगामेंट इजा झालेल्या १२१ तरुणांवरच्या २०१० च्या कॅनन चाचणीत मुख्य मोजमाप ‘कूस-चार’ होतं: वेदना, लक्षणं, खेळ आणि जीवनमान या चार भागांची सरासरी. दैनंदिन कामांचा भाग वगळलेला. २०१५ मध्ये डेन्मार्कमधून गुडघाबदल अधिक व्यायामादी उपचार विरुद्ध नुसते उपचार अशी १०० रुग्णांची चाचणी आली. तिथेही ‘कूस-चार’च, पण या वेळी दैनंदिन कामं आत आणि खेळ बाहेर. लेखकांच्या यादीत दोन्हीकडे एवा रूस आहेत. माझ्या मते दोन्ही निवडी अगदी योग्य. पण नाव एकच असल्याने या दोन पेपरांतले आकडे कुणी प्रबंधात शेजारी शेजारी मांडले तर पंचाईत होते, आणि असे प्रबंध मी पाहिलेले आहेत.

तेव्हा सांधाबदलाच्या रुग्णांत खेळाचा भाग बाजूलाच ठेवायचा असेल, तर कूसच्या ४२ पैकी राहिलेल्या ३७ प्रश्नांचं ओझं रुग्णावर कशासाठी टाकायचं, हे मला पटत नाही. ऑक्सफर्डचे बारा प्रश्न चालणं, जिना, अंघोळ, गाडीत चढणं-उतरणं, रात्रीचं दुखणं, खुर्चीतून उठणं असे आहेत. आजी ते ऐकतात आणि उत्तर देतात. फोनवरही देतात, आणि लांबून येणाऱ्या रुग्णाचा फॉलोअप गळू नये म्हणून याचं महत्त्व फार. बेचाळीस प्रश्न फोनवर विचारायला घेतले की विसाव्याच्या आसपास पलीकडचा आवाज बदलतो. पुढची उत्तरं लवकर सुटण्यासाठी दिलेली असतात. हे मी मोजलेलं नाही, पण फोन मीच करत होतो.

दुसरी सोय म्हणजे एकच आकडा. कूसच्या पाच भागांचे पाच आकडे येतात, आणि मुख्य आकडा कोणता ते आधी लिहून ठेवलं नसेल तर पाचांपैकी जो शोभून दिसेल तो पुढे येतो. परीक्षक आता हे बरोबर ओळखतात. ऑक्सफर्डला ० ते ४८ मधला एक आकडा. दोन गटांत साधारण ५ गुणांचा फरक असेल तर तो दखल घेण्याजोगा मानतात. त्यावरून नमुन्याचा आकार काढणं सोपं जातं. दोनपर्यंत प्रश्न कोरे राहिले तर बाकीच्यांची सरासरी तिथे भरायची, त्याहून जास्त असतील तर गुण काढायचे नाहीत. माझ्याकडे क्वचितच ती वेळ आली.

आता ऑक्सफर्डच्या बाजूने डोळे मिटून बोलणं बरं नाही. तिचा सगळ्यात मोठा तोटा पुनर्वसनवाल्यांनाच भोवतो. ती गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या आठवड्यात तुमचा पहिला फॉलोअप असेल, तर ते चार आठवडे शस्त्रक्रियेच्या आधीपर्यंत मागे जातात. मग रुग्ण कोणत्या गुडघ्याबद्दल बोलतोय, जुन्या की नव्या? कूस फक्त गेल्या आठवड्याबद्दल विचारते, तिथे हा घोळ होत नाही. माझे फॉलोअप दीड महिन्याच्या पुढचे होते म्हणून मला हे नडलं नाही. तुम्ही पहिल्या महिन्यातल्या व्यायामावर काम करत असाल तर ऑक्सफर्ड नकोच. पाहा हवं तर कूस-जेआर: २०१६ ची, सात प्रश्नांची, खास गुडघाबदलासाठी, आणि आकडाही एकच.

गुडघे टेकण्याचा प्रश्न ऑक्सफर्डमध्येही आहे, आणि थोडासा तोच त्रास तिथेही होतो. अनेकांना कुणीतरी ‘गुडघे टेकू नका’ म्हणून सांगितलेलं असतं, त्यामुळे ‘अशक्य’वर खूण होते, जमतं की नाही ते कधी करून पाहिलेलंच नसतं. पण बारातला हा एक प्रश्न आहे, अख्खा भाग नाही.

वर्षभराने चांगले झालेले रुग्ण ४८ च्या जवळ जाऊन थांबतात आणि चांगल्या-अतिचांगल्यातला फरक दिसेनासा होतो, हाही आक्षेप रास्त. त्यासाठी ऑक्सफर्डला जोडून घ्यायची, हालचाल आणि सहभागाबद्दलची आठ प्रश्नांची पुरवणी आहे. वेदना आणि कार्यक्षमता एकाच आकड्यात कालवल्याची तक्रारही असते. पण २०१३ पासून तिचे सात प्रश्न वेदनेचे आणि पाच कार्यक्षमतेचे असे वेगळे मोजता येतात.

संदर्भ शोधताना एक जपा. मूळ ऑक्सफर्डचे गुण १२ ते ६० होते आणि आकडा जितका लहान तितका गुडघा चांगला. ० ते ४८, मोठा तो चांगला, ही पद्धत २००७ नंतर रूढ झाली. त्यामुळे जुन्या पेपरातला २० म्हणजे ठणठणीत गुडघा, आणि नव्यातला २० म्हणजे बेजार माणूस.

एका बाबतीत मात्र दोघींत डावंउजवं करण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर वेदना लवकर उतरते, मांडीतली ताकद सावकाश परत येते. आणि वेदना उतरली की माणूस ‘चालणं सुधारलं’ असं लिहितो, स्टॉपवॉच काही वेगळंच सांगत असलं तरी. दोन्ही प्रश्नावल्या इथे सारख्याच फसतात. म्हणून कोणतीही घ्या, सोबत एखादी करून दाखवायची चाचणी असू द्या. ओआर्सी (OARSI) या सांध्यांच्या झिजेवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुचवलेल्या किमान संचात तीन आहेत: ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ४० मीटर झपझप चालणं, आणि जिना चढणं-उतरणं. जिना प्रत्येक ओपीडीजवळ सारखा नसतो, म्हणून मी पहिल्या दोनच घेतल्या.

परवान्याचं म्हणाल तर कूस मोफत आणि मोकळी. ऑक्सफर्डसाठी रीतसर अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. अर्ज लवकर टाका, आणि रुग्णांच्या भाषेतली अधिकृत आवृत्ती त्याच वेळी मागून घ्या.

गाइडनी कूसच हवी म्हटलं, तर वाद घालण्यात फार वेळ घालवू नका. वाईट प्रश्नावली नाही ती. प्रोटोकॉलमध्ये मुख्य मोजमाप म्हणून एकच भाग, बहुधा वेदनेचा किंवा दैनंदिन कामांचा, नाव घेऊन लिहा. ‘कूस-चार’ लिहीत असाल तर चार कोणते तेही लिहा. खेळाचा भाग भरून घ्या, पण दुय्यम म्हणून. आणि ‘मी पळतच नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला नेमकं काय सांगायचं, ते एक वाक्य छापून फॉर्म भरून घेणाऱ्याच्या टेबलावर चिकटवा.