द बॅनर सागा: सात महिने खेळल्यावर, आणि बॅटरी मेल्यामुळे बदललेलं मत

आधीच सांगतो, गेम २०१४ चा आहे, मला कळायला उशीर झाला, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. माझ्या लॅपटॉपला नवे गेम नुसते इन्स्टॉल केले तरी पंखा कुकरसारखा ओरडतो, त्यामुळे मी सेलमध्ये जुनंच शोधत असतो. तिन्ही भाग मिळून दोन पिझ्झ्यांपेक्षा कमी पैशांत मिळाले, घेतले.

टर्न-बेस्ड म्हणजे आळीपाळीने चाली करायच्या, वार्ल म्हणजे शिंगवाले राक्षसी उंचीचे लोक, ड्रेज म्हणजे दगडी चिलखतवाले शत्रू, सूर्य आकाशात थांबलाय, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. लिहायला बसलो ते बॅटरीमुळे.

इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानातून बॅटरी बदलून घेतली, "ओरिजनल है भिया, टेंशन मत लो". तीन आठवड्यांत फुगली. परत गेलो तर म्हणे सील तुटलंय, वॉरंटी नाही. अरे सील तूच तोडलंस ना बसवताना, माझ्यासमोर! अर्धा तास भांडलो, मागे गिऱ्हाईकं उभी, शेवटी त्याने चहा मागवला आणि विषय संपवला. चहा प्यालो ही माझी चूक. तेव्हापासून लॅपटॉप फक्त चार्जरवर चालतो, आणि सुदामा नगरात लाइट जास्त जात नाही पण सेकंदभर डोळा मारते, तेवढ्यात स्क्रीन काळी. आणि या गेममध्ये लढाईच्या मधे सेव्ह करता येत नाही. नाहीच. गेमला वाटेल तिथे तो स्वतः सेव्ह करतो, तुम्ही कोण विचारणारे.

तर एकच लढाई मी एका आठवड्यात चार वेळा खेळलो. आई मागून जाता जाता म्हणाली, "अजून तीच मारामारी का रे?"

पण त्या चार वेळांमुळेच माझं पहिलं मत पडलं. सुरुवातीच्या महिन्यात मी मित्रांना सांगत फिरत होतो की लढाईचा नियमच येड्यासारखा आहे. एक चाल तुमची, एक त्यांची, माणसं कितीही असोत. म्हणजे तुमचे सहा उभे आणि त्यांचे दोनच उरले, तरी तुमच्या प्रत्येक चालीनंतर त्या दोघांपैकी एक हाणणारच, तुमचा सहावा गडी आपली पाळी यायची वाट बघत बसतो आणि समोरचा दणकट गडी दर दुसऱ्या चालीला गदा फिरवतो. जास्त मारलं तर तुम्हालाच शिक्षा, हे काय लॉजिक? गेम आला तेव्हा बऱ्याच परीक्षणांतही लढाईबद्दल कुरकूर होती, एकसुरी आहे, शत्रूंचे प्रकार थोडेच आहेत वगैरे, चित्रं आणि संगीताचं मात्र सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. मी म्हटलं बरोबर बोलतायत.

तिसऱ्यांदा लाइट गेल्यावर वैतागून उलटं खेळलो. कोणालाच पूर्ण मारायचं नाही, सगळ्यांना अर्धमेलं करून सोडायचं. या गेममध्ये ताकद आणि जीव ही एकच पट्टी आहे, त्यामुळे जखमी माणसाचा वारही तेवढाच पिचका होतो, चिलखताला नुसता खरचटतो. मग शत्रूच्या चाली या लंगड्या-लुळ्यांवर खर्च होतात आणि त्यांचा धिप्पाड गडी पाळीची वाट बघत उभा. शेवटी एकच उरला की पाळीचा नियम उठतो, तुमचे सगळे एकामागोमाग तुटून पडतात. चौथ्यांदा लाइट गेली तेव्हा मी जिंकायला दोन चाली होत्या, पण राग नाही आला, खरं सांगतो, म्हटलं परत खेळू. एकसुरी म्हणणाऱ्यांनी एकाच पद्धतीने खेळलं असणार, माझ्यासारखंच.

आता माझं खरं दुखणं. रिनाउन.

रिनाउन म्हणजे नाव, कीर्ती. शत्रू मारले, काही निर्णय बरे घेतले की मिळतं. आणि हेच नाव खर्च करून माणसांची बढती, हेच देऊन बाजारातून ताईत-अंगठ्या, आणि हेच देऊन आपल्यासोबत चालणाऱ्या लोकांच्या तांड्यासाठी धान्य. एकच गल्ला! मी कंजूस माणूस आहे, पोह्यांवर सेव जास्त टाक हे सांगायला मला पैसे लागत नाहीत म्हणून सांगतो, पण इथे माझी कंजुषी माझ्याच गळ्यात आली. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणते, "म्हणजे पगार एकच, त्यातच पोराची फी आणि त्यातच किराणा. मग यात खेळ कुठे आहे?"

मी किराणा भरत बसलो. मागे शेकडो बाया-पोरं चालतायत, स्क्रीनवर लांबच लांब निशाण फडकतंय, खाली दिवस आणि धान्याचा आकडा उतरतोय, बघवत नाही हो. आणि आपण मराठी माणसं, लढणाऱ्यांच्या मागे न लढणाऱ्यांचा तांडा आणि संपत आलेला दाणागोटा म्हटलं की डोळ्यासमोर १७६१ च येणार, बाजारबुणगे, यात्रेकरू, उपाशी छावणी. त्यात आम्ही इंदूरचे, मल्हारराव मैदानातून कसे निघाले यावर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही वाद होतो. तर मी प्रत्येक बाजारात धान्य घेतलं. रूक बिचारा शिकारी, नेतेपद त्याच्या गळ्यात पडलेलं, तो आणि त्याची मुलगी अलेट, दोघांनाही बढती नाही.

नंतर एका मित्राने सांगितलं की तो तर जवळजवळ उपाशीच खेळला. लोक मेले, पळाले, मनोबल पडलं, पण गोष्ट पुढे जात राहिली, आणि त्याचे लढवय्ये माझ्यापेक्षा तगडे. मग मी कोणासाठी बचत केली? इथे मी गेमवर जाम चिडलो होतो, दोन आठवडे उघडला नाही. तांडा उपाशी मेला तर खेळ थांबला पाहिजे की नाही? नंतर डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की मनोबल पडलं की लढाईत जादा जोर लावायला लागणारी इच्छाशक्ती कमी मिळते, म्हणजे भूक लढाईपर्यंत पोचते, अगदीच वाया नाही. पण जेवढी पोचायला हवी तेवढी नाही पोचत, या मतावर मी आजही ठाम आहे. पानिपत ज्याला माहीत आहे त्याला हे पटणार नाही.

याचा हिशोब शेवटी चुकता झाला. शेवटचा शत्रू बेलोअर नावाचा जो आहे, त्याच्यापुढे माझी सगळी कच्ची पोरं. सहा वेळा हरलो (यात लाइटचा हात नाही, कबूल करतो). मग अवघड पातळी गुपचूप सोपीवर आणली, गेम कधीही आणू देतो, आणि जिंकलो. त्याच्या आधी एक निवड करावी लागते आणि तिचा परिणाम नंतर कळतो, तो मी सांगत नाही, पण त्या रात्री मी जेवलो नाही एवढंच. खिळवून ठेवणारं लिखाण आहे, पात्रं तोंडाने फार कमी बोलतात, वाचायचंच जास्त. गाडी दरीत कलतेय, धरायची की सोडायची, असल्या साध्या प्रसंगात मी एक चांगला वार्ल घालवला, केवळ गाडीतला माल वाचेल या लोभापायी. कंजुषी, दुसरं काय.

बनवणारे तिघे, बायोवेअर ही मोठी गेम कंपनी सोडून अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये स्टोइक ही स्वतःची कंपनी काढलेले. २०१२ मध्ये लोकांकडे एक लाख डॉलर मागितले, मिळाले सात लाखांवर. हे वाचल्यावर हाताने काढलेली ती बर्फाळ चित्रं कुठून आली ते कळतं. संगीत ऑस्टिन विंटोरीचं, ते हेडफोन लावून ऐका, लॅपटॉपच्या स्पीकरवर तुतारी पिपाणी वाटते. आणि हो, नावातल्या 'सागा' शब्दावरून कँडीचा गेम बनवणाऱ्या किंग कंपनीने हरकत घेतली होती, ते २०१४ मध्येच मिटलं. शब्दावर मालकी! उद्या कोणी 'पोहे' लिहून घेईल.

घ्यावा का? सेलमध्ये असेल तर डोळे मिटून. पूर्ण किमतीला फक्त पहिला घेऊ नका, गोष्ट अर्ध्यात सुटते, दुसरा २०१६ चा आणि तिसरा २०१८ चा मिळूनच ती पुरी होते.

मी दुसरा कालच सुरू केलाय. तो पहिल्या भागाची सेव्ह फाइल आत घेतो, कोण जगलं कोण गेलं सगळं पुढे येतं, म्हणून ती फाइल आधी पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवलीय, आईच्या पासबुकाशेजारी. शनिवारी बॅटरीवाल्याकडे परत जाणार आहे, बिल घेऊन, बाबांना घेऊन. चहा घेणार नाही.